स्पूल आणि मजबूत अ‍ॅक्सल शाफ्ट

स्पूल : मोटारगाडीच्या मागच्या अ‍ॅक्सलमधील डिफरन्शियलच्या (वळणावर दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरसंचाच्या) जागी बसणारा भरीव पोलादी भाग. तो बसवला की दोन्ही हाफ शाफ्ट (डिफरन्शियलपासून चाकांपर्यंत जाणारे दांडे) कायमचे एकमेकांना जोडले जातात आणि डावे-उजवे चाक नेहमी एकाच वेगाने फिरते. ड्रॅग शर्यतीच्या गाड्या, खडकांवर चढवायच्या जीप आणि फक्त चिखलात उतरवायच्या गाड्या यांत तो वापरतात. स्पूलमुळे शाफ्टवर येणारा भार बदलतो, म्हणून जाड आणि चांगल्या पोलादाचे शाफ्ट बसवणे हा याच कामाचा भाग समजावा. ‘आता स्पूल टाकू, शाफ्ट तुटले की बघू’ हा हिशेब गॅरेजमध्ये केला जातो. तो खर्चाच्या दृष्टीने चुकीचा आहे आणि पुढे सांगितलेल्या कारणाने जिवावरही बेतू शकतो.

भार कसा बदलतो

गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावे लागते. दोन चाकांमधले अंतर १.५ मीटर असेल, तर काटकोनातल्या एका वळणात हा फरक सुमारे २.३५ मीटर येतो. वळण लहान असो की मोठे, आकडा तोच राहतो. हा फरक सामावून घेण्यासाठी क्राउन व्हीलला (इंजिनाकडून येणाऱ्या पिनियनने फिरणाऱ्या मोठ्या गिअरला) जोडलेल्या केजमध्ये, म्हणजे कवचात, सन गिअर आणि स्टार पिनियन हे छोटे गिअर असतात. ही रचना एकोणिसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात ओनेसिफोर पेकर या फ्रेंच घड्याळजीने वाफेच्या गाडीसाठी केली आणि मूळ तत्त्व आजही तेच आहे.

साध्या डिफरन्शियलचा दुसरा गुण मात्र ऑफरोडवर अडचणीचा ठरतो. तो दोन्ही शाफ्टांना जवळपास सारखाच टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, देतो. एक चाक हवेत लटकले किंवा काळ्या मातीच्या चिखलात गरगरू लागले, की त्या चाकाला फिरायला जेमतेम जेवढा टॉर्क लागतो, तेवढाच पकड असलेल्या चाकाला मिळतो आणि गाडी जागची हलत नाही. त्यातून शाफ्ट मात्र सुरक्षित राहतो, कारण एकट्या शाफ्टवर सगळा जोर कधी येत नाही.

स्पूलने हे संरक्षण जाते. इंजिनाचा टॉर्क २०० न्यूटन-मीटर, पहिला गिअर ४, लो रेशो (फोर-व्हील ड्राइव्हमधला कमी वेगाचा जादा गिअर) २.५ आणि क्राउन-पिनियनचे गुणोत्तर ४ धरले, तर घर्षणाची घट सोडून चाकांपाशी ८,००० न्यूटन-मीटर पोहोचतात. पुढच्या चाकांना पकड नाही, मागचे एक चाक हवेत आहे आणि दुसरे दोन दगडांच्या खाचेत रुतले आहे, अशा वेळी हा सगळा जोर एका शाफ्टवर येऊ शकतो. मोकळ्या जमिनीवर टायर आधी घसरतो आणि शाफ्ट वाचतो. चाकावर ७०० किलो वजन, टायरची त्रिज्या ३८ सेंटिमीटर आणि उत्तम पकड धरली, तरी टायर सुमारे २,६०० न्यूटन-मीटरलाच सुटतो. पण खाचेत अडकलेले चाक घसरू शकत नाही. सह्याद्रीतल्या बेसॉल्टच्या धोंड्यांत शाफ्ट तुटतो तो बहुतेक याच प्रसंगी, आणि त्यातही चालकाने घाईने अ‍ॅक्सिलरेटर दाबून चाकाला झटका दिला तर.

शाफ्ट

गोल दांड्याची पिळाला तोंड देण्याची ताकद व्यासाच्या घनाने वाढते. ३० स्प्लाइनचा (स्प्लाइन म्हणजे शाफ्टच्या टोकावर लांबीच्या दिशेने कापलेले दात) सुमारे ३३ मिलिमीटरचा शाफ्ट काढून ३५ स्प्लाइनचा ३८ मिलिमीटरचा बसवला, तर पोलाद तेच असूनही ताकद सुमारे दीडपट होते. म्हणून पैसे मर्यादित असतील तर आधी व्यासाकडे पाहावे, मग धातूकडे. अर्थात जाड शाफ्टला हौसिंगचे (बाहेरच्या कवचाचे) तोंड, बेअरिंग आणि स्पूलच्या स्प्लाइन हे सगळे जुळावे लागते.

नाशिकच्या टर्नरला पोलादाची नावे ईएन ८, ईएन १९, ईएन २४ अशीच माहीत असतात. ईएन ८ हे मध्यम कार्बनचे साधे पोलाद, ईएन १९ म्हणजे अमेरिकी ४१४० च्या जवळचे क्रोम-मॉलिब्डेनम पोलाद, तर ईएन २४ मध्ये निकेलही असते आणि ते ४३४० च्या जोडीचे मानले जाते. स्पूलसोबतच्या शाफ्टसाठी ईएन २४ योग्य. मात्र बार ईएन २४ चा आहे एवढ्याने काम भागत नाही. क्वेंचिंग (तापवून झटकन थंड करणे) आणि टेंपरिंग (पुन्हा थोडे तापवून ठिसूळपणा घालवणे) नीट झाले नाही, तर महागडा शाफ्टही मेणासारखा पिळतो किंवा काचेसारखा तडकतो. हीट ट्रीटमेंटचा कडकपणाचा अहवाल मागून घ्यावा आणि तो न देणाऱ्याकडून शाफ्ट करून घेऊ नये. दुसरी गोष्ट डोळ्यांनीच दिसते. स्प्लाइन जिथे संपतात आणि फ्लँज (चाक जोडायची चकती) जिथे सुरू होतो, तिथे गोलाई हवी. लेथच्या टूलने काटकोनात कापलेला कोपरा म्हणजे तड सुरू होण्याची जागा.

तुटलेला शाफ्ट टाकून देण्याआधी त्याचे तोंड पाहावे. आडवे, सपाट आणि भोवऱ्यासारखी वळणे असलेले तोंड म्हणजे चिवट पोलाद एकाच झटक्यात जास्त भाराने तुटले. ४५ अंशांत तिरकस, सर्पिल तोंड म्हणजे पोलाद ठिसूळ होते. एका बाजूने सुरू होऊन सरकत गेलेल्या अर्धगोल रेषा दिसल्या, तर तड बऱ्याच दिवसांपासून वाढत होती. कारण कळल्याशिवाय तसाच नवा शाफ्ट टाकला, तर तोही त्याच जागी तुटण्याची शक्यता मोठी.

सेमी-फ्लोटिंग अ‍ॅक्सलमध्ये शाफ्ट चाक फिरवतो आणि गाडीचे वजनही पेलतो. तो बेअरिंगच्या बाहेर तुटला तर चाकच निखळते. जिवावर बेतणारे कारण हेच. फुल-फ्लोटिंग अ‍ॅक्सलमध्ये वजन हबच्या बेअरिंगवर असते आणि शाफ्ट फक्त पीळ देतो. तिथे शाफ्ट तुटला तरी चाक जागेवर राहते, आणि स्पूल असेल तर दुसऱ्या बाजूच्या शाफ्टवर गाडी रानातून बाहेरही काढता येते. साध्या डिफरन्शियलने हे जमत नाही.

स्पूलचे प्रकार

पूर्ण स्पूल केजसकट सगळे बदलतो. क्राउन व्हील थेट त्याच्या फ्लँजवर बोल्टने बसते. तो मूळ केजपेक्षा मजबूत असतो आणि आत गिअर नसल्याने बहुधा हलकाही. मिनी स्पूल मूळ केजमध्येच सन गिअर आणि स्टार पिनियनच्या जागी बसतो. तो स्वस्त पडतो, पण केज जुनाच असल्याने ताकद तिथेच अडते. तिसरा उपाय म्हणजे गिअर वेल्डिंगने एकत्र जोडणे. कठीण केलेल्या गिअरवर टाकलेले वेल्ड तडकते आणि त्याचा तुकडा क्राउन-पिनियनमध्ये गेला तर सगळा अ‍ॅक्सल बाद होतो. हे काम करू नये.

बसवणी

कौशल्य मोजमापात आहे, पाने फिरवण्यात नाही. हौसिंग उघडल्यावर काहीही सैल करण्याआधी जुन्या क्राउन-पिनियनचा प्ले (दातांमधली मोकळीक) डायल गेजने मोजून लिहून ठेवावा आणि दातांवर मार्किंग कंपाउंड लावून घासणीचा ठसा पाहावा. बेअरिंग कॅपवर पंचने डावी-उजवी आणि वर-खाली अशा खुणा कराव्यात. या कॅप हौसिंगबरोबर जागेवरच बोअर केलेल्या असतात, अदलाबदल झाली तर बेअरिंग वाकडे बसते. पिनियनला हात लावायचा नसेल तर त्याची खोली तीच राहते आणि पुढचे काम निम्म्याने सोपे होते.

क्राउन व्हील स्पूलवर चढवण्याआधी दोन्ही तोंडे ऑइलस्टोनने साफ करावीत. क्राउन गरम तेलात थोडे तापवले की सहज बसते. बोल्टने ओढून बसवू नये. बोल्ट नवे, लॉकिंग लिक्विड लावून, समोरासमोरचे घेत टप्प्याटप्प्याने कंपनीने दिलेल्या टॉर्कवर आवळावेत.

मग येतात सिम, म्हणजे बेअरिंगची जागा ठरवणाऱ्या पातळ चकत्या. काही अ‍ॅक्सलमध्ये आट्यांचे अ‍ॅडजस्टर असतात, तिथे काम सुखाचे. ज्यांत सिम बेअरिंगच्या आतल्या बाजूला बसतात, तिथे दर वेळी बेअरिंग ओढून काढावे लागते आणि त्यात ते खराब होते. यावर जाणते मिस्त्री जुन्या बेअरिंगचे आतले भोक हलके होन करून (घासून) ते हाताने सरकेल असे करून घेतात, सगळी चाचणी त्यावर करतात आणि सिम ठरल्यावरच नवे बेअरिंग प्रेसने बसवतात. क्राउन पिनियनकडे सरकवले की प्ले कमी होतो, लांब नेले की वाढतो. एका बाजूचा सिम काढला तर तेवढाच दुसऱ्या बाजूला घालावा, म्हणजे बेअरिंगचा प्रीलोड (त्यावर आधीच दिलेला दाब) बदलत नाही. पुष्कळ हलक्या गाड्यांमध्ये प्ले ०.१५ ते ०.२५ मिलिमीटरच्या दरम्यान ठेवतात, तरी त्या अ‍ॅक्सलच्या मॅन्युअलमधला आकडाच अंतिम. प्ले क्राउनच्या चार ठिकाणी मोजावा. जागोजागी ठळक फरक आला, तर क्राउनखाली कचरा किंवा बर (धातूचा कंगोरा) अडकला आहे असे समजून पुन्हा खोलावे. शेवटी ठशाची तपासणी. तो दाताच्या मध्यावर हवा, कडेला गेलेला चालत नाही.

शाफ्ट प्रेसवर घेताना क्रम चुकला की बेअरिंग कापून काढण्याची वेळ येते. आधी रिटेनर प्लेट, मग सील, मग बेअरिंग आणि सर्वांत शेवटी लॉक रिंग. बेअरिंग आणि रिंग एकाच दाबात ढकलू नयेत आणि जोर कायम बेअरिंगच्या आतल्या रेसवरच (कड्यावरच) द्यावा. जुन्या शाफ्टवरची रिंग गॅस कटरने उडवण्याची सवय वाईट आहे. उष्णतेने शाफ्टचा कडकपणा तिथेच जातो. रिंगला ड्रिलने भोक पाडून छिन्नीचा एक घाव दिला की ती फुटते.

शाफ्ट आत घातल्यावर स्प्लाइन स्पूलमध्ये पूर्ण लांबीभर बसल्या पाहिजेत, तरीही दोन्ही शाफ्टांची टोके एकमेकांना भिडता कामा नयेत. टोकाला ग्रीस लावून एकदा कोरडी जोडणी केली की ठशावरून हे कळते. जुन्या जीपच्या काही अ‍ॅक्सलमध्ये दोन शाफ्टांच्या मधे थ्रस्ट ब्लॉक (शाफ्ट टेकण्याचा ठोकळा) असतो आणि एंड प्ले (शाफ्टची आत-बाहेरची हालचाल) त्यावरूनच ठरतो. स्पूलमध्ये त्या ब्लॉकला जागा नसेल, तर प्रत्येक बाजूचे बेअरिंग स्वतंत्रपणे थांबवण्याची सोय आधी करावी लागते. स्पूल मागवण्यापूर्वी ही एक गोष्ट पाहिली नाही, तर खोललेली गाडी जॅक स्टँडवर अडकून पडते.

तेल जीएल-५ प्रतीचे, बहुधा ८० डब्ल्यू-९०. स्पूलमध्ये क्लच प्लेट नसल्याने लिमिटेड स्लिप डिफरन्शियलसाठीचे वेगळे अ‍ॅडिटिव्ह लागत नाही.

रस्त्यावर

स्पूल लावलेली गाडी डांबरी रस्त्यावर चालवणे मला योग्य वाटत नाही. नाशिकच्या द्वारका चौकासारख्या वळणावर आतले टायर किंचाळते आणि शाफ्टमध्ये साठलेला पीळ टायर घसरून एकदम सुटतो. ओल्या रस्त्यावर हीच घसरण मागची बाजू बाहेर फेकते. कसारा घाटात पावसाळ्यात ही गोष्ट फार महागात पडू शकते. टायर लवकर झिजतात आणि चाकांच्या वेगातल्या फरकावर चालणाऱ्या एबीएस व स्थैर्य नियंत्रण प्रणालीचा हिशेबही बिघडतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातले तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलांपासून बदलतील असा फेरफार करता येत नाही. विम्याचा दावाही अशा बदलामुळे अडू शकतो. म्हणून अशी गाडी ट्रेलरवरून मैदानापर्यंत नेणे हाच चांगला मार्ग.

नाशिकमधील संदर्भ

नाशिकला या विषयाचे भान दोन वाटांनी आले आहे. एक वाट शेतीची. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षपट्ट्यात ट्रॅक्टर चालवणाऱ्याला डिफ लॉकचे (डिफरन्शियल तात्पुरता बांधून टाकणारे) पेडल माहीत असते. चाक रुतले की टाचेने दाबायचे आणि वळायच्या आधी सोडायचे. स्पूल म्हणजे न सुटणारा लॉक, एवढे सांगितले की त्याला बाकी समजावून सांगावे लागत नाही.

दुसरी वाट कारखान्यांची. महिंद्राची थार नाशिकमध्ये तयार होते. २०१५ पासून तिच्या मागच्या अ‍ॅक्सलमध्ये ईटनचा मेकॅनिकल लॉकिंग डिफरन्शियल मिळू लागला. चाकांच्या वेगात मोठा फरक पडताच तो आपोआप लागतो आणि गरज संपली की सुटतो. इगतपुरीला महिंद्राचे ऑफरोड प्रशिक्षण केंद्र आहे, आणि त्या भागात वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. ज्यांना गाडी रोज शहरातही वापरायची आहे, त्यांनी या लॉकरवर किंवा बटणाने लागणाऱ्या लॉकरवर समाधान मानावे. स्पूल फक्त स्पर्धेच्या गाडीसाठी. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींत स्प्लाइन हॉबिंग (दात कापणे), इंडक्शन हार्डनिंग (विजेने तापवून पृष्ठभाग कडक करणे) आणि कडकपणा तपासणी करणारे छोटे कारखाने आहेत. त्यामुळे स्पूल बाहेरून मागवला तरी शाफ्ट इथे करून घेता येतात.

देखभाल

नवे बेअरिंग किंवा गिअर घातले असतील तर सुरुवातीला पंधरा-वीस मिनिटे हलक्या भाराने चालवून अ‍ॅक्सल पूर्ण थंड होऊ द्यावा, असे दोन-तीनदा करावे आणि पहिले तेल लवकर बदलावे. काढलेल्या तेलातली बारीक राखाडी पूड नेहमीची, चमकणारे कण मात्र नेहमीचे नाहीत.

बसवण्याआधी प्रत्येक शाफ्टवर लांबीच्या दिशेने पेंट मार्करने एक सरळ रेघ ओढावी. कोरून काढू नये, कारण त्या ओरखड्यातूनच तड सुरू होते. मोसम संपल्यावर शाफ्ट बाहेर काढला आणि रेघ दांड्याभोवती वळलेली दिसली, तर पोलाद कायमचे पिळले आहे आणि तो शाफ्ट पुन्हा घालायचा नाही. स्प्लाइनचे दात तिरके झाले असतील तर तेही याच खुणेत धरावे. बऱ्याच अ‍ॅक्सलमध्ये डावा आणि उजवा शाफ्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात, त्यामुळे स्पर्धेला जाताना दोन्ही बाजूंचा एकेक जादा शाफ्ट, बेअरिंग आणि सील आधीच चढवून, सोबत ठेवावा.