फिका पडलेला रंग पुन्हा कसा चमकतो?

जुन्या गाडीचा टप आणि बॉनेट आधी पांढुरके पडतात, दारं मात्र बराच काळ बरी राहतात. सगळ्या पत्र्यांचं वय सारखंच, रंगही एकाच वेळी दिलेला. फरक उन्हाचा आहे. आडव्या भागावर दिवसभर ऊन पडतं, शिवाय दव आणि पावसाचं पाणीही तिथेच साचतं.

रंगाच्या थरात दोन मुख्य गोष्टी असतात: रंगद्रव्याचे बारीक कण आणि त्यांना धरून ठेवणारं पॉलिमर, म्हणजे बाइंडर. जमिनीपर्यंत पोचणाऱ्या अतिनील किरणांची तरंगलांबी साधारण 300 ते 400 नॅनोमीटर असते, आणि त्यातल्या आखूड लहरींमध्ये कार्बनचे बंध तोडण्याइतकी ऊर्जा असते. बंध तुटला की मुक्त मूलकं, म्हणजे चटकन प्रतिक्रिया करणारे रेणूंचे तुकडे, तयार होतात. ती ऑक्सिजनशी संयोग पावून पेरॉक्साइडं बनवतात, ती फुटली की आणखी मूलकं. एकदा ही साखळी सुरू झाली की बाइंडर झिजत जातो आणि रंगद्रव्य उघडं पडतं. बॉनेटवर बोट फिरवल्यावर जी भुकटी लागते, ती हीच. पांढऱ्या रंगात आणखी एक अडचण असते. त्यातलं टायटॅनियम डायऑक्साइड स्वतःच प्रकाश-उत्प्रेरक आहे. ऊन मिळालं की ते शेजारचं पॉलिमर कुरतडू लागतं. म्हणून चांगल्या रंगात त्याच्या कणांवर सिलिका किंवा ॲल्युमिनाचं पातळ आवरण चढवलेलं असतं.

पण रंगद्रव्य बरंच शिल्लक असतानाही गाडी निस्तेज का दिसते? एक मग पाणी ओतून बघा. ओल्या जागी रंग एकदम गडद, जवळजवळ नव्यासारखा दिसतो आणि वाळला की पुन्हा राखाडी. झिजलेल्या पृष्ठभागावर असंख्य सूक्ष्म खड्डे असतात. त्यांवरून प्रकाश सगळ्या दिशांना विखुरतो आणि हा विखुरलेला पांढरा उजेड खालच्या रंगात मिसळतो. रंगाच्या थराचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वळतो याचं माप, साधारण 1.5, पाण्याचा 1.33, हवेचा 1. खड्डे पाण्याने भरले की हा फरक कमी होतो आणि विखुरणंही कमी होतं. मला ही चाचणी फार आवडते, कारण दोष मुख्यतः वरच्या पापुद्र्यात आहे हे ती डोळ्यांसमोर दाखवते.

तेव्हा उपाय एकच: तो पापुद्रा घासून काढायचा आणि खालचा धड भाग सपाट करायचा. पॉलिशने चमक ‘चढते’ असं आपण म्हणतो, पण प्रत्यक्षात थर कमी होत असतो. रबिंग कंपाउंडमध्ये, म्हणजे घासायच्या खरखरीत पेस्टमध्ये, बहुधा ॲल्युमिनियम ऑक्साइडसारखे कठीण कण असतात. त्यांनी घासलं की खोल ओरखड्यांच्या जागी उथळ ओरखडे येतात, आणि मग बारीक पॉलिशने तेही इतके लहान होतात की प्रकाश फारसा विखुरत नाही. नुसतं तेलकट पॉलिश लावलं तर खड्डे तात्पुरते भरतात आणि काही धुण्यांनंतर गाडी होती तशीच.

घासण्याआधी रंग कोणत्या प्रकारचा आहे ते ओळखायला हवं. जुन्या पद्धतीत रंगाचा कोट हाच सर्वात वरचा. 1980 च्या दशकापासून रंगीत बेस कोटवर पारदर्शक क्लिअर कोट देण्याची पद्धत रुळत गेली. पांढऱ्या कापडावर थोडं पॉलिश घेऊन कोपऱ्यात घासा. कापडाला गाडीचा रंग लागला तर कोट एकेरी. अशा रंगाची चमक घासून बरीच परत येते. रंग लागला नाही तर वर क्लिअर कोट आहे, आणि तिथे हात जपून चालवायला हवा. हा थर साधारण 40 ते 50 मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसापेक्षाही पातळ. अतिनील किरण शोषणारी द्रव्यं त्यातच असतात, त्यामुळे तो जितका घासाल तितकं खालच्या रंगाचं संरक्षण घटतं. पत्र्याच्या कडांवर रंग आणखी पातळ बसलेला असतो. पॉलिशचं मशीन तिथे क्षणभर रेंगाळलं तरी बेस कोट उघडा पडू शकतो, म्हणून कडांवर चिकटपट्टी लावण्याचा आळस करू नका.

गाडी आधी नीट धुवा, क्ले बारने, म्हणजे मातीसारख्या मऊ वडीने, चिकटलेले कण काढा. नाहीतर तेच कण पॅडखाली फिरून नवे ओरखडे पाडतील. काम सावलीत, थंड पत्र्यावर करा. छोट्या चौकोनात सर्वात सौम्य पॉलिशने सुरुवात करा आणि त्याने भागलं नाही तरच कंपाउंडकडे जा. बहुतेक जण उलटं करतात, त्यामुळे गरज नसताना रंग घासला जातो. शेवटी वॅक्स किंवा सीलंट लावा. ते पाणी आणि घाण दूर ठेवतं, मात्र स्वतः झिजत जातं, म्हणून काही महिन्यांनी पुन्हा लावावं लागतं.

क्लिअर कोटचे पोपडे सुटले असतील, पांढऱ्या डागाची कड नखाला लागत असेल, तर मात्र पॉलिशचा उपयोग नाही. तिथे सपाट करायला थरच उरलेला नसतो. उरलेला क्लिअर कोट घासून तो भाग पुन्हा रंगवूनच घ्यावा लागतो.