दहा पुड्या म्हणजे दहा बॅच नव्हेत
(चिनी वनौषधींसाठी स्वतःचं मानक ठरवून घेणाऱ्या ग्राहकांसाठी)

चीनहून आलेल्या ज्येष्ठमधासाठी किंवा जिनसेंगसाठी ‘आमच्या कंपनीपुरती (औषधी घटक किमान किती हवेत याची) मर्यादा काढून द्या’ अशी मागणी आमच्या प्रयोगशाळेकडे वरचेवर येते. नमुना घेताना आम्ही बॅचची खोदून चौकशी करतो. काहींना ती नसती उठाठेव वाटते, म्हणून हे पत्रक.

ज्येष्ठमधाचंच बघा. चिनी औषधकोशाप्रमाणे (औषधांच्या दर्जाचे अधिकृत निकष देणारा ग्रंथ) त्यातली घटकद्रव्यं म्हणजे ग्लिसरायझिक आम्ल किमान २.० टक्के आणि लिक्विरिटिन किमान ०.५० टक्के लागतं. हा झाला तळ. अर्क दर वेळी सारखा उतरायला हवा असेल तर तुमची मर्यादा याच्या वर हवी, आणि ती किती वर, हे माल बॅचगणिक किती कमीजास्त होतो यावर ठरतं. इनर मंगोलिया, कान्सू, शिनच्यांग इथली मुळं एकसारखी नसतात. औषधकोशाला तर तीन वेगळ्या जाती चालतात.

आता नेहमीची चूक. एकाच कन्साइनमेंटच्या दहा पोत्यांतून दहा पुड्या भरायच्या आणि ‘दहा बॅच’ म्हणून पाठवायच्या. पोती ५ ते ९९ असतील तर पाच पोत्यांतून आणि १०० ते १००० असतील तर पाच टक्के पोत्यांतून नमुना घ्यावा, असा औषधकोशाचा नियम आहे खरा. पण तो एका लॉटचा, म्हणजे एकाच बॅचचा, प्रातिनिधिक नमुना मिळावा म्हणून. त्या सगळ्या पुड्या एकत्र करून आकडा एकच निघतो.

समजा ग्लिसरायझिक आम्लाची सरासरी ३.० टक्के आली. एकाच लॉटच्या पुड्यांमध्ये प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून किती पसरलेत याचं माप) जेमतेम ०.१ दिसेल आणि मर्यादा २.७ वर बसेल. पुढचा लॉट २.४ चा आला, औषधकोशात सहज बसणारा, तरी तुमच्याच कागदावर नापास! मग फोन येतो की प्रयोगशाळेचं यंत्र बिघडलंय.

खऱ्या दहा बॅचमध्ये विचलन ०.४ निघालं असं धरू. ९५ टक्के बॅच मर्यादेच्या वर राहतील याची ९५ टक्के खात्री हवी, तर दहा बॅचना २.९११ हा गुणक लागतो; विचलनाला त्याने गुणून ते सरासरीतून वजा करायचं. मर्यादा येते १.८४, म्हणजे तळाच्याही खाली, निरुपयोगी. सरासरी आणि विचलन तेच राहून बॅच तीस झाल्या, तर गुणक २.२२० आणि मर्यादा २.११. म्हणून आम्ही जास्त बॅच मागतो. बिल फुगवायला नाही. ‘सरासरीच्या वीस टक्के खाली’ हा सोपा हिशेब चिनी शोधनिबंधांतही दिसतो, पण मालातला चढउतार त्यात मोजलाच जात नाही. आम्ही तो देत नाही.

तीस बॅच एकदम आणायची गरज नाही. तुमच्या प्रत्येक कन्साइनमेंटचा निकाल आमच्याकडे नोंदलेला राहतो आणि नवे आकडे जमले की मर्यादा पुन्हा काढून देतो. त्या हिशेबाचे वेगळे पैसे नाहीत. आकड्यांचा आलेख एका बाजूला कलंडलेला असला तर आधी लॉगॅरिदम घेतो, तेही यातच आलं.

पुडीवर बॅच नंबर, प्रांत, काढणीचं वर्ष आणि लागवडीचं मूळ की रानातलं, एवढं लिहा. पोचौसारख्या मोठ्या बाजारातून माल घेत असाल तर वेगवेगळे नंबर एकाच ढिगाचे नाहीत ना, हे व्यापाऱ्याला आधी विचारा. नुसतं ‘१, २, ३’ लिहून आलेल्या पुड्या आम्ही तपासणीला लावत नाही, फोन करून माहितीची वाट पाहतो, आणि तोवर यंत्रावरचा तुमचा नंबर दुसऱ्याला जातो.