भांगेचं झाड थंडीत दोरीचं आणि उन्हात नशेचं? नाही हो

दर होळीला हे कुणीतरी फॉरवर्ड करतंच, की भांगेचं झाड सगळीकडे एकच, युरोपच्या थंडीत लावलं की दोरखंड आणि आपल्या उन्हात लावलं की नशा. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ लमार्कनेही 1785 मध्ये भारतातल्या नमुन्यांवरून इंडिका असं वेगळं नाव दिलं होतं, तेव्हा फरक दिसतो हे खरंय, पण नुसत्या हवेने होत नाही. नशा देणारं टीएचसी बनवायचं की नाही हे मुख्यतः जीन्स ठरवतात, हवामानाने प्रमाण थोडं इकडेतिकडे होतं एवढंच.

प्रदेशाशी खरं जुळवून घेतलं जातं ते फुलोऱ्याच्या टायमिंगमध्ये. रात्र पुरेशी लांबली की झाड फुलतं. 21 जूनला मुंबईत दिवस सव्वातेरा तासांचा, मॉस्कोत साडेसतरा, म्हणून विषुववृत्ताजवळचं बी तिकडे नेलं तर ते उंचच उंच वाढत बसतं आणि फुलं तयार व्हायच्या आत हिमतुषार पडून मरतं. उलट रशियाकडचं रुडरॅलिस नावाचं भांगेचं झाड लांब रात्रीची वाटच बघत नाही, वय झालं की फुलतं, उन्हाळाच छोटा ना तिथला! आणि हे एका सीझनमध्ये नाही, पिढ्यान्पिढ्या जी झाडं वेळेत बी धरू शकली तीच टिकली.