तोतया, ओळखदार आणि वकिलाची सही

पानिपतावर पडलेले सदाशिवरावभाऊ आपणच आहोत, असे सांगणाऱ्या तोतयाला १७७६ साली पुण्यात देहदंड झाला. तोवर कोकणातले काही किल्लेही त्याच्या हाती गेले होते. मेलेल्या किंवा परदेशी गेलेल्या जमीनमालकाच्या नावाने ठाण्यात, नवी मुंबईत दस्त नोंदवणाऱ्या दुय्यम निबंधकापुढे भलताच माणूस उभा राहतो, त्यालाही आपण तोतयाच म्हणतो. त्याच्या खरेदीखताला कायद्यात शून्य किंमत. जमीन मूळ मालकाचीच राहते आणि बुडतो तो खरेदीदार. मग तो विचारतो, माझ्या वकिलाने काय पाहिले?

१९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे दुय्यम निबंधकाने पाहायचे ते एवढेच, की दस्त याच माणसाने करून दिला का, आणि हा माणूस तोच आहे का. मालकी तपासणे त्याचे काम नाही. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये तमिळनाडूच्या एका नियमावर निकाल देताना हे पुन्हा सांगितले. माणूस तोच आहे, हे सांगायला ओळखदार लागतात. ही तरतूद गावात सगळे सगळ्यांना ओळखत होते त्या काळातली. आज नोंदणी कार्यालयाच्या दारात ओळखदार म्हणून कोणीही सही करतो, कधी एजंटाचा माणूस, कधी वकिलाचा कारकून. ही सही हलकी नाही. तोतयेगिरीला आणि तिला मदत करणाऱ्यालाही कलम ८२ खाली सात वर्षांपर्यंत कैद आहे. २००१ पासून दस्तावर फोटो आणि बोटांचे ठसे आले. त्याने समोर कोण उभा होता हे कळते. मालक कोण हे कळत नाही.

नवी मुंबईत ही फट जास्त रुंद झाली, त्यामागे इथला इतिहास आहे. १९७० मध्ये हे शहर वसवणारे सरकारी महामंडळ, सिडको, स्थापन झाले आणि ९५ गावांच्या जमिनी शहरासाठी घ्यायचे ठरले. मोबदल्यासाठीच्या लढ्यात जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात पाच जण पोलिसांच्या गोळीने गेले. त्यातून पुढे साडेबारा टक्क्यांची योजना आली, म्हणजे घेतलेल्या जमिनीच्या तेवढ्या हिश्शाचा विकसित भूखंड मूळ खातेदाराला परत. भूखंड हाती पडेपर्यंत अनेक मूळ खातेदार वारले, वारस वाढले, आणि बरेच भूखंड मिळण्याआधीच कुलमुखत्यारपत्रावर, म्हणजे मालकाच्या वतीने व्यवहार करण्याच्या अधिकारपत्रावर, हातोहात फिरले. निव्वळ कुलमुखत्यारपत्राने मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये बजावले, पण तोवर कितीतरी कागद झाले होते. शिवाय आमच्या गावांत म्हात्रे, पाटील, भोईर सगळीकडे. आजोबांचे नाव नातवाला ठेवायची रीत, त्यामुळे एका आळीत एकाच नावाचे दोघे-तिघे सापडतात. सातबाऱ्यावरचे नाव जुळते, माणूस जुळत नाही.

वकिलाचा शोध मात्र जमिनीभोवतीच फिरतो. तीस वर्षांच्या नोंदणी दस्तांचा शोध (सर्च), फेरफार, वारसनोंदी, वर्तमानपत्रात चौदा दिवसांची जाहीर नोटीस. खरा मालक नोटीस वाचत नाही, कारण आपली जमीन विकली जातेय हे त्याच्या गावीही नसते. मालकाच्या घरी जाऊन शेजारपाजारी विचारणे अहवालाच्या नमुन्यात बसतच नाही. माझ्या मते दोष तिथे आहे.

वकिलाच्या जबाबदारीची रेघ न्यायालयांनी कुठे ओढली? १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे हैदराबादच्या वकिलाचे प्रकरण आले. ज्याच्या नावाचे प्रतिज्ञापत्र, तो समोर नसताना या वकिलाने ते साक्षांकित केले होते, आणि सही खोटी निघाली. वकिलाची सनद, म्हणजे वकिली करण्याचा परवाना, पाच वर्षांसाठी निलंबित झाली. माणसाची ग्वाही दिलीत तर माणूस पाहिलेला हवा, एवढा त्याचा अर्थ. २०१२ मध्ये सीबीआय विरुद्ध के. नारायण राव या प्रकरणात प्रश्न उलटा होता. बँकेच्या पॅनलवरच्या वकिलाने गृहकर्जांसाठी मालकीबद्दल मत दिले आणि कागद बनावट निघाले. कटात प्रत्यक्ष सहभाग दाखवता येत नसेल तर नुसत्या चुकीच्या मतासाठी वकिलावर फौजदारी खटला चालणार नाही, असे न्यायालयाने ठरवले; निष्काळजीपणा किंवा व्यावसायिक गैरवर्तन हा वेगळा विषय.

इंग्लंडचे उदाहरण इथे नेहमी दिले जाते. लंडनमधले घर तोतयाने अकरा लाख पौंडांना विकले, तेव्हा २०१८ च्या ड्रीमवार (खरेदीदार कंपनीचे नाव) निकालात खरेदीदाराच्या वकिलांबरोबर विक्रेत्याच्या वकिलांवरही जबाबदारी आली. पण तिथे किंमत वकिलाच्या खात्यातून विश्वस्त रक्कम म्हणून जाते आणि सॉलिसिटरना व्यावसायिक विमा सक्तीचा असतो. आपल्याकडे धनादेश थेट विक्रेत्याच्या हातात पडतो, आणि वकिलाला विम्याची सक्ती नाही.

वकिलाविरुद्ध ग्राहक मंचात तक्रार करण्याची वाट २००७ मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने उघडली होती. १४ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती बंद केली. उरते ते दिवाणी न्यायालयात नुकसानभरपाईचा दावा, नाहीतर महाराष्ट्र आणि गोवा वकील परिषदेकडे तक्रार. तिथे समज मिळू शकते, निलंबन होऊ शकते, सनदही जाऊ शकते. बुडालेल्या पैशाची भरपाई मात्र तिथे मिळत नाही.