नव्या शैक्षणिक वर्षातील विद्यापीठ पात्रता: कोणाला लागते, अर्ज कसा करावा, कोणती कागदपत्रे जोडावीत

नव्या शैक्षणिक वर्षाच्या आरंभी कुलगुरू नवागतांचे स्वागत करतात, तेव्हा सभागृहातला प्रथम वर्षाचा प्रत्येक विद्यार्थी स्वतःला विद्यापीठाचा विद्यार्थी मानू लागलेला असतो. त्याने तसे मानावे, त्याला परके वाटू नये, याच हेतूने विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये ‘दीक्षारंभ’ ही मार्गदर्शिका आणली. मात्र कार्यालयीन दृष्टीने हे नाते पक्के होण्यापूर्वी एक टप्पा उरतो आणि तो म्हणजे पात्रता. संलग्न महाविद्यालय प्रवेश देते, पण त्या विद्यार्थ्याने आधी उत्तीर्ण केलेली परीक्षा आपल्या अभ्यासक्रमासाठी ग्राह्य आहे की नाही, हे विद्यापीठ ठरवते. तो निर्णय होईपर्यंत प्रवेश तात्पुरता असतो. फी भरली, ओळखपत्र मिळाले आणि तासही सुरू झाले, म्हणून पात्रता आपोआप मिळाली असे होत नाही.

महाराष्ट्र राज्य मंडळातून बारावी उत्तीर्ण होऊन राज्यातल्याच विद्यापीठात येणाऱ्यांचे काम तुलनेने सोपे असते आणि त्यांच्याकडे बहुधा स्थलांतर प्रमाणपत्र (मायग्रेशन सर्टिफिकेट) मागितले जात नाही. केंद्रीय मंडळातून किंवा अन्य राज्याच्या मंडळातून आलेले विद्यार्थी, तसेच एका विद्यापीठाची पदवी घेऊन दुसऱ्या विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षणासाठी जाणारे विद्यार्थी यांना मात्र पात्रतेचा रीतसर अर्ज करावा लागतो. परदेशी मंडळाची परीक्षा दिलेल्यांना त्याशिवाय समकक्षता प्रमाणपत्र, म्हणजे ती परीक्षा इथल्या परीक्षेच्या बरोबरीची असल्याचे प्रमाणपत्र, आणावे लागते आणि त्याला वेळ लागतो, म्हणून त्यांनी ते काम प्रवेशाच्या आधीच हाती घ्यावे.

अर्ज सहसा विद्यापीठाच्या संकेतस्थळावर भरून, त्याची छापील प्रत कागदपत्रांसह महाविद्यालयाच्या कार्यालयात द्यायची असते आणि कार्यालय तो पडताळणीसाठी विद्यापीठाच्या पात्रता विभागाकडे पाठवते. सोबत दहावी आणि बारावीच्या, तसेच पदवीधर असल्यास पदवीच्या सर्व सत्रांच्या गुणपत्रिका, उत्तीर्ण झाल्याचे प्रमाणपत्र, महाविद्यालय सोडल्याचा दाखला आणि लागू असेल तेथे स्थलांतर प्रमाणपत्र जोडावे. शिक्षणात खंड पडला असल्यास त्या काळाचा खुलासा करणारे प्रतिज्ञापत्र मागितले जाते. राखीव जागेवर प्रवेश घेतलेल्यांची जातीची कागदपत्रे हा स्वतंत्र विषय आहे आणि पात्रतेच्या अर्जामुळे जात पडताळणीची गरज संपत नाही.

सर्वाधिक घोटाळा दाखला आणि स्थलांतर प्रमाणपत्र यांच्यात होतो. दाखला आधीची शाळा किंवा महाविद्यालय देते, तर स्थलांतर प्रमाणपत्र आधीचे मंडळ किंवा आधीचे विद्यापीठ देते, त्यामुळे एकाच्या जागी दुसरे चालत नाही. अनेक पालक दाखला हाती आल्यावर निश्चिंत होतात आणि काही महिन्यांनी कार्यालयाकडून त्रुटीचे पत्र आले की परगावच्या विद्यापीठात हेलपाटे घालू लागतात, हे पाहून वाईट वाटते, कारण निकाल लागताच एक अर्ज केला असता तर हे टळले असते. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाचे स्थलांतर प्रमाणपत्र डिजिलॉकरवर उपलब्ध होते, मात्र त्याची छापील प्रत चालेल की मूळ प्रत हवी, हे महाविद्यालयात आधी विचारून घ्यावे.

दुसरी अडचण नावाची. आधारवर एक, बारावीच्या गुणपत्रिकेवर दुसरे, कुठे आडनाव आधी तर कुठे वडिलांचे नाव गाळलेले, असे असले की पडताळणी अडते. विवाहामुळे किंवा अन्य कारणाने नाव बदलले असल्यास राजपत्रातील प्रसिद्धीची प्रत किंवा विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र जोडावे. हे जुळवून घेणे आता अधिकच आवश्यक झाले आहे, कारण आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनुसार सुरू झालेल्या शैक्षणिक श्रेयांक बँकेत विद्यार्थ्याचे श्रेयांक (क्रेडिट) त्याच्या खात्यावर जमा होतात आणि त्यासाठी लागणारा ‘अपार’ हा विद्यार्थ्याचा १२ अंकी ओळख क्रमांक आधारवरील नावाशी जोडलेला असतो. महाविद्यालयाच्या नोंदीतले नाव वेगळे राहिले, तर श्रेयांक जमा होताना अडचण येते.

मूळ गुणपत्रिका पडताळणीपुरत्या दाखवून परत घ्याव्यात आणि स्वयंसाक्षांकित प्रती द्याव्यात. संस्थेने विद्यार्थ्याची मूळ प्रमाणपत्रे स्वतःकडे अडकवून ठेवू नयेत, असे आयोगाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. दाखला आणि स्थलांतर प्रमाणपत्र मात्र सहसा मूळ स्वरूपात मागितले जाते, म्हणून त्यांच्या प्रती आधीच काढून ठेवाव्यात.

याच दिवसांत रॅगिंगविरोधी हमीपत्रही भरायचे असते. आयोगाच्या २००९ च्या विनियमांनुसार ते विद्यार्थी आणि पालक या दोघांनीही, आणि प्रथम वर्षालाच नव्हे तर दरवर्षी, द्यावयाचे आहे. तक्रारीसाठी १८००-१८०-५५२२ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक अहोरात्र सुरू असतो.

एखादे कागदपत्र वेळेत मिळाले नाही, तर अर्ज थांबवून ठेवू नये. ते अमुक मुदतीत सादर करतो असे हमीपत्र देऊन तात्पुरती पात्रता मिळू शकते. ती मुदत वहीत लिहून ठेवावी आणि कागद जमा केल्याची पोच घ्यावी. अंतिम पात्रता न मिळाल्यास परीक्षेचा निकाल राखून ठेवला जातो किंवा प्रवेशच रद्द होऊ शकतो, आणि तोपर्यंत विद्यार्थ्याचे पूर्ण सत्र खर्ची पडलेले असते.