तापविद्युत कापड

त्वचा आणि भोवतालची हवा यांच्या तापमानातील फरकापासून, किंवा उन्हाने तापलेल्या पृष्ठभागापासून वीज निर्माण करणारे कापड. ते सीबेक परिणामावर (१८२१) चालते: दोन भिन्न वाहकांच्या सांध्यांचे तापमान वेगळे असले की विद्युतदाब निर्माण होतो.

कापडात पी (धन विद्युतभार वाहणाऱ्या) आणि एन (ऋण विद्युतभार वाहणाऱ्या) प्रकारच्या धाग्यांच्या किंवा तुकड्यांच्या जोड्या असतात. विजेसाठी त्या एकसर, म्हणजे एकापुढे एक, जोडतात. उष्णता मात्र सर्व जोड्यांतून समांतर वाहते. बिस्मथ टेल्युराइड या अर्धवाहक पदार्थाची एक जोडी दर अंशाला सुमारे ४०० मायक्रोव्होल्ट देते. म्हणजे १०० जोड्या आणि १ अंश फरक असेल तर ४० मिलिव्होल्ट. अंतर्गत रोधाइतकाच भार (वीज वापरणारे उपकरण) जोडला की त्यातले निम्मे उरतात आणि दाब वाढवणारे चांगले परिपथ साधारण २० मिलिव्होल्टवर जेमतेम सुरू होतात. बिस्मथ टेल्युराइड ठिसूळ असते. पेडॉट-पीएसएस हा वाहक बहुवारिक (पॉलिमर) लवचीक असला, तरी त्याचा दाब दर अंशाला १५ ते २० मायक्रोव्होल्टच भरतो.

खरी अडचण उष्णतेची आहे. त्वचा ३३ अंश आणि हवा २३ अंश असली, तरी कापडाच्या वाट्याला ते १० अंश येत नाहीत. कापडाला चिकटलेला स्थिर हवेचा थर बहुतेक फरक गिळतो आणि १ मिलिमीटर जाडीच्या कापडावर जेमतेम दीड अंश उरतो. म्हणून जाडी वाढवणे, कापड अंगाला घट्ट बसवणे आणि बाहेरचा थर उष्णता लवकर सोडणारा ठेवणे, हे नवा पदार्थ शोधण्याइतकेच महत्त्वाचे. चालताना वारा लागला की वीज वाढते ती याचमुळे.

उन्हात बाहेरची बाजू त्वचेपेक्षा तापते आणि दाबाची दिशा उलटते. मध्ये एक क्षण तो शून्यही होतो. त्यामुळे दोन्ही दिशा चालणारा परिपथ लागतो. दुसरा उपाय म्हणजे काळे आणि पांढरे पट्टे आलटून पालटून ठेवून गरम व थंड सांधे कापडाच्या पृष्ठभागावरच शेजारी-शेजारी आणणे.

घामाचे क्षार सांध्यांमध्ये गळतीची वाट तयार करतात. शिवाय दोन धातू आणि खारे पाणी मिळून विद्युतघट बनतो व मापकावर फसवा दाब दिसतो. अशा वेळी गरम-थंड बाजूंची अदलाबदल करावी: सीबेक दाबाचे चिन्ह उलटते, घटाचे उलटत नाही. पेडॉट-पीएसएस पाण्यात फुगते, म्हणून धुण्याआधी सिलिकोनचे पातळ आवरण लागते. जाड आवरण उष्णताच अडवते. वारंवार घडी पडल्यास चांदीच्या लेपाचे सांधे आधी तडकतात, आणि एकसर जोडणीत एक सांधा तुटला की सगळी रांग बंद पडते.