वेबसाइटची चावी कोणाकडे?

१५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएल या सरकारी कंपनीने इंटरनेट सगळ्यांसाठी खुलं केलं आणि पुढच्या काही वर्षांत मुंबईतल्या मंडळांना, वाचनालयांनासुद्धा आपली साइट हवी असं वाटायला लागलं. पण साइट म्हणजे तेव्हा एचटीएमएल या कोडमध्ये लिहिलेली सुटी पानं, एक तारीख बदलायची तरी करून देणाऱ्याला फोन लावा, मग तो सवडीने एफटीपीने, म्हणजे नेटवरून फाइल पाठवायच्या सोयीने, ती सर्व्हरवर चढवणार. आमच्या लालबागच्या मंडळाची साइट ज्याने केली त्याने नंबरच बदलला, पासवर्ड त्याच्याकडे, दोन वर्षं जुन्याच गणपतीचे कार्यक्रम दिसत होते. फार वाईट वाटायचं.

त्याच १९९५ मध्ये पीएचपी ही वेबपानं तयार करायची भाषा आणि मायएसक्यूएल हा डेटाबेस आला होता, दोन्ही फुकट. मजकूर डेटाबेसमध्ये, दिसणं वेगळं, म्हणजे लिहिणाऱ्याला कोड यायची गरजच नाही. यावर २००१ मध्ये बेल्जियमच्या ड्रीस बायटार्टने ड्रुपल हे साइट चालवायचं सॉफ्टवेअर खुलं केलं, मराठीतली मायबोली ही जुनी साइट नंतर त्याच्यावर गेली आणि मिसळपाव त्याच्यावरच उभी राहिली.

वर्डप्रेस या तसल्याच सॉफ्टवेअरची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. बी२ नावाचं ब्लॉग चालवायचं एक सॉफ्टवेअर होतं, बनवणाऱ्याने त्यावर काम करणं थांबवलं, वापरणारे अधांतरी. पण लायसन्स जीपीएल होतं, म्हणजे कोड कोणीही घ्या, बदला, पुढे वाटा, म्हणून अमेरिकेतला मॅट मुलनवेग आणि इंग्लंडमधला माइक लिटल यांनी तोच कोड उचलला आणि २७ मे २००३ ला वर्डप्रेस आलं. जूमला या आणखी एका सॉफ्टवेअरचंही तेच, २००५ मध्ये माम्बो या जुन्या सॉफ्टवेअरच्या डेव्हलपरांचं मालकी हक्क असलेल्या कंपनीशी पटेना, ते कोड घेऊन वेगळे झाले आणि त्यातून जूमला आलं. बंद सॉफ्टवेअरमध्ये हे जमलंच नसतं.

मराठीचा त्रास मात्र वेगळा होता. आधी शिवाजी, कृतीदेव असले फॉन्ट, समोरच्याकडे तो फॉन्ट नसला की नुसता कचरा दिसायचा, म्हणून लोक मजकुराचा फोटोच चिकटवायचे, तो सर्चमध्ये सापडणार कसा? युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठी एकच अक्षरसंच, आला तरी मायएसक्यूएलचं डिफॉल्ट सेटिंग लॅटिन१, म्हणजे फक्त रोमन अक्षरांचं, ते न बदलता मराठी सेव्ह केलं की कित्येकदा ओळभर प्रश्नचिन्हं, आणि एकदा तशी सेव्ह झाली की मूळ अक्षरं परत मिळत नाहीत, बॅकअप असेल तरच. पुढे सगळं यूटीएफ-८ वर, म्हणजे युनिकोड साठवायच्या पद्धतीवर आलं तेव्हा कुठे सुटका झाली.

आता मंडळाची साइट वर्डप्रेसवर आहे. डॅशबोर्ड, म्हणजे साइट सांभाळायचं पान, मराठीत, तो अनुवादही स्वयंसेवकांनीच केलेला. पासवर्ड तिघांकडे असतो आणि विसर्जनाची वेळ खजिनदार काका स्वतः टाकतात.